अनेसिम एकटा परतला नाही

आजचे वचन : फिलेमोन १० ते १९, कलस्सै ४:७-९



फिलेमोनाला लिहिलेलं पत्र फक्त २५ वचनांचं आहे. पौल बंदिवासात आहे आणि तिथून तो अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतोय. अनेसिमाने नेमकं काय केलं होतं हे पत्रात स्पष्ट नाही. पण ज्या दारातून तो गेला, त्याच दारात पुन्हा उभं राहायचं होतं.

पौल त्याला नुसती प्रार्थना करून वाटेला लावत नाही. तो तीन गोष्टी करतो. सोबत देतो : तुखिक त्याच्याबरोबर जातो. ओळख देतो : कलस्सैच्या मंडळीला कळवतो की हा तुमच्यातलाच आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात जड : याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहून देतो. आपल्या भाषेत, पौल जामीन राहतो.

आता आपल्याकडे बघू. कळंब, भूम किंवा परंड्याकडच्या एखाद्या गावात माणूस तुरुंगातून सुटून एसटीतून उतरतो. घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. मजुरीला कोणी बोलवत नाही, खोली मिळत नाही, बहिणीचं जमलेलं लग्न अडतं. शहरात गेला तर कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतं. शिक्षा कोर्टाने दिली ती संपली. गावाने दिलेली चालूच राहते. आणि हेही लक्षात ठेवा, देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी साधारण तिघांचा खटला अजून चालूच असतो. दोष सिद्ध न होताच आत गेलेल्याच्या कपाळीही तोच शिक्का बसतो.

विश्वास आधी टाकावा लागतो. हे आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. १९३९ साली औंध संस्थानच्या राजांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. त्यामागे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर होते. बंद्यांना उंच भिंतींशिवाय ठेवलं, शेती दिली, कुटुंबासोबत राहू दिलं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. एका संस्थानाला जे जमलं, ते ख्रिस्ताच्या मंडळीला जमू नये का?

आपल्या मंडळ्या लहान आहेत, पैसा कमी आहे. पण पौलाकडे तरी काय होतं? एक सोबती आणि एक सही. तुरुंगाच्या दाराशी घ्यायला दोघं जण जाऊ शकतात. आधार, बँकेचं बंद पडलेलं खातं, रेशनकार्ड यांसाठी कोणी बरोबर रांगेत उभं राहू शकतं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मुक्त बंद्यांच्या अनुदानाची चौकशी करू शकतं. आणि ज्याचं दुकान किंवा शेत आहे, तो म्हणू शकतो, "उद्यापासून ये, मी बघतो."

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिल्याच रविवारी त्याला साक्ष द्यायला पुढे उभं करू नका. त्याला आधी मागच्या बाकावर निवांत बसू द्या. आणि ज्यांचं त्याने नुकसान केलं, त्यांना "क्षमा करून टाका" म्हणून घाई करू नका. पौलानेही फिलेमोनाला हुकूम केला नाही, विनंती केली. नुकसान खोटं आहे असंही तो म्हणाला नाही. ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

वधस्तंभावर येशूने आपल्यासाठी हेच केलं ना? आपला हिशोब त्याच्या नावावर मांडला गेला. मग आज स्वतःला एकच विचारू : सुटून आलेल्या कोणाच्या तरी कागदावर माझं नाव जामीन म्हणून आहे का?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमचा जामीन झालास. आमच्या गावी परतणाऱ्याला एकटं चालू देऊ नकोस. त्याच्याबरोबर चालायला आम्हाला पाठव. येशूच्या नावात, आमेन.