गाईच्या तोंडापर्यंत पोहोचणारी भक्ती



कोरपना परिसरात चैत्र लागतो तेव्हा पळसाचा बहर ओसरत असतो, पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि झाडांना कोवळी पालवी फुटते. गुढीपाडवा, रामनवमीनिमित्त दर्शनास येणाऱ्यांचे डोळे हा वसंत निववतो. परंतु संस्थानच्या गोठ्यातील मोजक्या गाईंसोबत एक दिवस घालविला म्हणजे त्याची दुसरी बाजू कळते. पालवी उंच फांदीवर असते. गाईच्या तोंडाशी येते ते वाळलेले गवत.

पहाटे शेणगोठा आटोपला की प्रथम वासराला सोडायचे, गाय पान्हावली की मगच धार काढायची. वासराचा वाटा राखून उरलेले दूध अभिषेकास. पुढे गायकी गुरे आखरावरून रानात नेतो. कापूस वेचून झालेल्या शेतांतून ती फिरतात. नाले आटलेले असल्याने पाण्याच्या ओढीने लवकर परततात. सायंकाळी गव्हाणीत कुटार पडते. उन्हाळ्यात दुभत्या गाईला दिवसाला साधारण ४० ते ६० लिटर पाणी लागते. पूजेत खंड पडला तर आपण देवाची क्षमा मागतो. पाण्याची एक वेळ चुकली तर गाय बोलत नाही, तिचे दूध आटते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गोवंशसुधारासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. गाईच्या पूजनाइतकेच तिचे पालनही धर्मकार्य आहे, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून एक कळकळीची विनंती. उरलेल्या पुऱ्या, शिरा, भात गाईपुढे रिता करू नये. शिजलेले अन्न अधिक झाल्यास तिच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते. पिशवीसकट टाकलेले प्लास्टिक तर पचतच नाही. ते पोटात साठत जाते आणि मुके जनावर तळमळून प्राण सोडते. पुण्य जोडावयास जावे आणि पाप पदरी पडावे, असे आपल्या हातून घडू नये.

दानशूर भाविकांनी मृगाचा पाऊस पडेपर्यंतच्या चारा-पाण्यासाठी यथाशक्ती साहाय्य करावे. येथे येणे न झाल्यास आपल्याच गावी, आपल्या दारी, गुरांसाठी पाण्याचे एक टाके भरून ठेवावे. तीही सेवा श्रीचरणी रुजू होईल.

शुभं भवतु.