पहिल्या पानाचा पेच

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभे राहिले म्हणजे बडबड्या माणसाचेही तोंड थोडा वेळ बंद होते. पायाखाली काळा पाषाण, खाली जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची ती प्रचंड वाटी, तळाशी खारे पाणी आणि भोवती झाडी. आम्ही बुलढाणा जिल्ह्याची माणसे. पाहुणा आला की त्याला लोणार दाखवावे, हा आमचा शिरस्ता. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र मी पाहुण्याबरोबर गेलो नव्हतो. माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्याबरोबर गेलो होतो आणि त्यांची दहावीत शिकणारी नात आमच्यासोबत होती.

हे स्नेही भूगोलाचे मास्तर. आता निवृत्त आहेत. जन्मभर आठवडाभर त्यांनी वर्गात सांगितले, की आपल्या पायाखालचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि दर रविवारी मंडळीतल्या मुलांना शास्त्रपाठात सांगितले, की देवाने सहा दिवसांत आकाश व पृथ्वी निर्माण केली. दोन्ही गोष्टी ते सारख्याच प्रामाणिकपणे सांगत. सोमवार आणि रविवार यांची गाठ कधी पडली नाही, म्हणून निभावले. ती गाठ नातीने घातली.

काठावर मास्तरांनी तिला सांगितले, की हा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीने पाडला. पूर्वी त्याचे वय पन्नास हजार वर्षे धरीत. पुढे दगडांतल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. पोरगी म्हणाली, "आजोबा, तेव्हा माणसं होती?"

मास्तर म्हणाले, "आपल्यासारखी नव्हती. पण तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या दगडी कुऱ्हाडी सापडल्या आहेत. घडवणारं कुणीतरी या देशात होतं."

"मग तो कुऱ्हाडवाला आदामाच्या आधीचा की आदामाच्या पोटचा?"

मास्तर गप्प झाले. मी मध्ये पडलो. म्हटले, "अगं, आम्ही नाही का, इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं असं सांगतो! गावात जाऊन दैत्यसूदनाला नमस्कारही करतो आणि अशनीचा खड्डाही मान्य करतो."

ती म्हणाली, "काका, तुम्हांला ते सोपं आहे. लवणासुर नसला तरी तुमचं काही अडत नाही. आमच्या पुस्तकाची पानं एकमेकांना शिवलेली आहेत. पहिलं पान उसवलं तर शेवटचं कशाला धरून राहील?"

वाचकहो, या मुलीने पेच नेमका ओळखला होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामाच्या पापाची आणि ख्रिस्ताच्या तारणाची सांगड घातलेली आहे. तेव्हा 'ही एक कथा आहे' असे म्हणून ख्रिस्ती माणसाला सहज सुटता येत नाही. काही लोक एकेक दिवस म्हणजे एकेक कोटी वर्षे असे समजून तडजोड करतात. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडे तिसऱ्या दिवशी उगवतात आणि सूर्य चौथ्या दिवशी. दिवस कितीही ताणला तरी हा क्रम भूगोलाच्या पुस्तकाशी जुळत नाही. पुढे दुसऱ्या अध्यायात तर माणूस आधी आणि प्राणी मागून. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले, त्यांना ही विसंगती दिसली नसेल काय? दिसली असणारच. तरी त्यांनी दोन्ही ठेवले. म्हणजे त्यांना वेळापत्रक द्यायचे नव्हते. सूर्याआधीचे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे कसे असतील, हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिनलाही पडला होता. जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाला, हा हिशेब आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात मांडला. तो शास्त्रात लिहिलेला नाही.

या पेचात आपल्या विदर्भातला एक माणूस पूर्वी उभा राहून गेला आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला. पुढे १८८३ मध्ये निघालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्याचेच नाव आहे. हा पाद्री खिशात हातोडी घेऊन हिंडे. नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळे साचले, जीव जगले, मेले आणि मग दुसरा लाव्हा आला. अशा थरांची घाईने उरक होत नाही, हे त्याला दिसत होते. त्याने ते लपवले नाही. लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापले. गोंडांच्या लिंगोची उत्पत्तिकथाही त्याने जपून टिपून घेतली. टाकळघाटला प्राचीन माणसांनी रचलेली शिलावर्तुळे आहेत. १८६३ च्या सप्टेंबरात ती पाहून परतताना पुराच्या ओढ्यात तो बुडाला. त्याच वर्षी मद्रासकडे रॉबर्ट ब्रूस फूटला भारतातली पहिली पुराश्मयुगीन कुऱ्हाड सापडली. देवाचे पुस्तक आणि दगडाचे पुस्तक यांपैकी एक मिटून ठेवावे, असे हिस्लॉपला वाटले नाही.

पण पोरीचा प्रश्न हिस्लॉपच्या नावाने सुटत नव्हता. परतीच्या चढावर मास्तर दम घ्यायला बसले आणि त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट काढली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे पटापट मेली. आजोबा तेव्हा पोरसवदा, गावकुसाबाहेरचे, मिशनच्या आसऱ्याला गेले. पुढे लोक हिणवत, की भाकरीसाठी बाटला. तेव्हा म्हातारा म्हणे, "भाकरीसाठी गेलो असेन. राहिलो तो पहिल्या पानासाठी."

"आम्हांला सांगत आले होते," मास्तर म्हणाले, "की कुणी मुखातून जन्मला, कुणी पायांतून, आणि आमचा तर त्यातही ठिकाणा नाही. त्या पानावर लिहिलं होतं, की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आणि सारा एकाच मातीचा. आदाम म्हणजेच मातीचा. हिब्रूत मातीला 'अदामा' म्हणतात. माझ्या आजोबांनी त्या पानाला वर्षं विचारली नाहीत. आपण कुणाचे, एवढंच विचारलं."

मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण जीवशास्त्राच्या बाई म्हणतात, आपले पूर्वज दोनच कधी नव्हते. हजारो होते."

"बरोबर सांगतात. सगळी माणसं एका गोतातली, हे विज्ञानही सांगतं. मात्र एका जोडप्याची नाहीत, हेही सांगतं. मग पौलाच्या आदामाचं काय, हे मला सुटलेलं नाही. रविवारी तुला ते सुटल्यासारखं सांगितलं, ती माझी चूक. आता वर्गात सांगीन, की हे मला ठाऊक नाही."

मला वाटते, श्रद्धेच्या घरात हे वाक्य फार उशिरा आणि फार थोड्यांच्या तोंडून येते. आणि नाते तुटते ते उत्तर नसल्यामुळे नव्हे. खोटे उत्तर पुढे उघडे पडल्यामुळे. आपणही मुलांना पुराणे सांगतो. त्यांचा प्रश्न आला, की एक तर दटावतो किंवा हसून उडवतो. दोन्हींमुळे मूल आपल्यापासून एक पायरी दूर जाते.

उन्हे उतरली. पोरीने वाटेतला एक काळा दगड उचलून हातात तोलून पाहिला. "आजोबा, तो कुऱ्हाडवाला? तो प्रतिरूपातला होता की नाही?"

मास्तर काठी टेकून उठले. "त्याच्याजवळ पुस्तक नव्हतं. पण दगडात कुऱ्हाड पाहण्याइतकं मन होतं. देव त्याला विसरला असेल, असं मला वाटत नाही."

तिने तो दगड खाली टाकला नाही. घरी नेला. या दिवाळीतही तो त्यांच्या खिडकीत, बायबलाच्या शेजारी ठेवलेला मी पाहिला.