पुन्हा बघायला नको

‘पक्के’ या शब्दावर आपला फार जीव आहे. पक्का रंग, पक्का रस्ता, पक्का हिशेब. परंतु प्रत्येक दुरुस्ती पक्कीच असावी काय, असा प्रश्न एका ढिल्या मुठीने माझ्यापुढे टाकला आहे.

माझ्याजवळ एक जुने हातड्रिल आहे. चाक फिरवून भोक पाडावयाचे. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, १८६८ साली निघालेल्या मिलर्स फॉल्स कंपनीचे ते काम. ओतीव लोखंड शाबूत, चाकाचे दाते शाबूत. ढिली झाली ती लाकडी मूठ. यात दोष कोणाचाच नाही. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लोखंडाला आषाढ कळत नाही नि वैशाखही कळत नाही. लाकूड असे वर्षानुवर्षे फुगत-आकसत राहिले की आतल्या लोखंडी दांड्यावरची त्याची पकड हळूहळू सैल होते. म्हणूनच मूठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा घरगुती उपाय टिकाऊ ठरत नाही.

शेजारचे सुतारमिस्त्री म्हणाले, “मास्तर, दोन नळ्यांतलं ते इपॉक्सी कालवून भरा. एकदा बसली की पुन्हा बघायला नको.”

पुन्हा बघायला नको! या तीन शब्दांपाशी मी अडलो. त्यांत कारागिराचा अभिमान आहे, तशी सुटकेची घाईही आहे. पाळण्याच्या कडीला हा बाणा शोभतो. तेथे जीव टांगलेला असतो. पण इतक्या हातांतून फिरत आलेल्या वस्तूचा मीच शेवटचा मालक, हे मला कोणी सांगितले? इपॉक्सीने धरलेली मूठ पुढच्या माणसाला काढावयाची झाली, तर बहुधा ती फोडावीच लागेल. माझी सोय हा त्याचा नाइलाज व्हावा काय? कातड्याहाडांचा जुना सरस मात्र ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. तो धरतो, पण हट्ट धरीत नाही.

अर्थात ‘पुन्हा काढता येईल’ म्हणत कच्चे काम करणारेही असतात. वर्गात मला ते रोज भेटतात. सुटू शकेल असा सांधा घट्ट बसवावयाला उलट कष्ट अधिक. रंध्याने काढलेले पातळ पापुद्रे एकेक करून भोकात बसवून पाहावयाचे, जाड वाटला तो काढून टाकावयाचा, आणि दांडा पुन्हा घालून पाहावयाचा.

मूठ ओढून काढली तेव्हा आत बांबूची एक बारीक कामटी निघाली आणि तिच्याभोवती काळी पडलेली चिंधी. माझ्याआधी कोणीतरी ही मूठ अशीच बसवली होती. कोण, कोठे, काही कळावयास मार्ग नाही. त्याने ती चिकटवून टाकली नव्हती, म्हणून त्याची कामटी माझ्या हाती आली. चिंधी कुजली होती, ती टाकली. कामटी चांगली होती; ती तशीच ठेवून उरलेल्या फटीत सागाचे पापुद्रे सरसाने बसवले.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मूठ पिळून पाहिली, हलवून पाहिली.

“बसलीय,” ते म्हणाले. “पावसाळ्यानंतर एकदा दाखवा.”