जिथे थांबलो, तिथूनच पुढे



25 जुलै हा प्रेषित संत याकोब यांचा सण. जब्दीचा हा मुलगा, योहानाचा भाऊ, गालील सरोवरावरचा कोळी. प्रभूने हाक मारली तेव्हा जाळी, होडी आणि वडील यांना तिथेच ठेवून तो निघाला. बारा प्रेषितांपैकी सर्वांत आधी त्याने रक्त सांडले. हेरोद राजाने त्याला तलवारीने मारविले, हे आपण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वाचतो. परंपरा सांगते की, त्याच्या अस्थी स्पेनच्या वायव्य टोकाला सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे आहेत. नवव्या शतकापासून यात्रेकरू त्या कबरीकडे चालत जात आहेत.

तिकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एक वाट समुद्राच्या कडेने जाते. तिला ‘उत्तरेची वाट’ म्हणतात. फ्रान्सच्या सीमेवरील इरुन गावी ती सुरू होते. सान सेबास्तियान, बिल्बाओ, सान्तान्देर, हिखोन अशी शहरे ओलांडत ती गालिसिया प्रांतात शिरते. अंतर सुमारे 820 किलोमीटर. सलग चालले तर पाच आठवडे लागतात. वाट चढउताराची, पाऊस बेभरवशाचा. 2015 साली युनेस्कोने या वाटेचा जागतिक वारशात समावेश केला.

पाच आठवड्यांची रजा कितीजणांना मिळते? घरी म्हातारे आईवडील, मुलांच्या शाळा, नोकरी. म्हणून पुष्कळ यात्रेकरू ही वाट टप्प्याटप्प्याने चालतात. यंदा इरुन ते बिल्बाओ, पुढच्या वर्षी बिल्बाओ ते सान्तान्देर, मग जमेल तेव्हा पुढे. कुणाला तीन वर्षे लागतात, कुणाला दहा. आज आपण या टप्प्याटप्प्याच्या यात्रेवर थोडे मनन करू या. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे ख्रिस्ती जीवन असेच तुकड्यातुकड्यांनी चालले आहे.

शिक्का पुन्हा त्याच गावचा

यात्रेकरूजवळ एक छोटी पुस्तिका असते. वाटेतली चर्च, मठ आणि यात्रीनिवास तिच्यावर तारखेसह शिक्का मारतात. सान्तियागोला पोहोचल्यावर ती पाहून प्रमाणपत्र दिले जाते. त्यासाठी किमान 100 किलोमीटर पायी चालणे आवश्यक असते. यात्रा खंडित झाली म्हणून पुस्तिका रद्द होत नाही. मात्र टप्पे क्रमाने झाले पाहिजेत. जिथे थांबलात तिथेच परत यायचे, त्याच गावचा शिक्का नव्या तारखेने घ्यायचा आणि पुढे निघायचे. मधला कंटाळवाणा भाग गाळून सोयीच्या गावापासून सुरुवात केली तर ती यात्रा पुढे चालू राहिली असे धरत नाहीत.

बंधुभगिनींनो, या साध्या नियमात दिलासा आहे आणि कठोर सत्यही आहे.

दिलासा असा की, खंड पडला म्हणून सगळे वाया गेले नाही. आपल्या धर्मग्रामात अशी माणसे आहेत ज्यांनी कित्येक वर्षांत पापनिवेदन केलेले नाही. ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ?’ असे त्यांना वाटते. काही घरांत आई गेली आणि तिच्याबरोबर संध्याकाळची जपमाळही गेली. कुणी आजारपणात नवस बोलला, बरा झाला आणि नवस तसाच राहिला. आपण समजतो, सूत्र तुटले, आता संपले. पण चाललेली पावले देव पुसून टाकत नाही. आईच्या मांडीवर बसून शिकलेली प्रार्थना, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस, लग्नाच्या वेदीपुढे दिलेला शब्द, हे शिक्के आपल्या पुस्तिकेत आजही आहेत.

कठोर सत्य असे की, परत जायचे ते जिथे थांबलो तिथेच. बांधावरून किंवा घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद झाले असेल, तर आपण पुष्कळदा दुसऱ्याच गावापासून चालायला लागतो. चर्चला देणगी देतो, वेलंकनीला जाऊन येतो, सणाची मिस्सा लावतो. या सगळ्या गोष्टी चांगल्याच आहेत. पण आपले थांबलेले गाव त्या भावाच्या ओटीवर आहे. शिक्का तिथलाच हवा. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले, ते यासाठीच.

स्वतः संत याकोबाचेही तसेच झाले. प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताला आपल्या मुलांना बसवावे, अशी त्याच्या आईने विनंती केली होती. माझा प्याला तुम्हांला पिता येईल का, असे प्रभूने विचारल्यावर दोघा भावांनी लगेच होकार दिला. पण गेथशेमनी बागेत प्रभू वेदनेने प्रार्थना करीत असताना याकोबाला झोप लागली आणि प्रभूला अटक होताच तो इतरांबरोबर पळाला. तिथे त्याची वाट तुटली. पुढे पवित्र आत्मा उतरला तेव्हा तो यरुशलेमेतच होता, ज्या शहरात तो पळाला होता त्याच शहरात. तिथूनच तो पुन्हा निघाला आणि शेवटी तो प्याला खरोखर प्याला.

होडीवाल्याचा हात

उत्तरेच्या वाटेवर पायवाट ठिकठिकाणी पाण्याशी येऊन संपते. पासाइया बंदरात छोट्या होडीने पलीकडे जावे लागते. लारेदोच्या लांब पुळणीच्या टोकाला सान्तोन्याकडे जाणारी होडी असते. सान्तान्देरलाही यात्रेकरू होडीनेच उतरतात. शेकडो किलोमीटर पायी चालल्याचा अभिमान तिथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. कितीही बळकट पाय असले तरी पलीकडे नेणारा दुसराच कुणीतरी असतो.

खाडीकाठच्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. आपले तारण आपल्या पायांच्या जोरावर होत नाही. आपण काठापर्यंत यायचे, पलीकडे नेणारी कृपा परमेश्वराची. ही कृपा पुष्कळदा माणसाच्या रूपाने येते. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला सोबत करणारा शेजारी, तंटा मिटवायला मध्ये बसणारी आत्या, पापनिवेदनाच्या खुर्चीत वाट पाहत बसलेले धर्मगुरू. हात पुढे आला तर तो धरायला लाजू नये.

समुद्र दिसेनासा होतो तेव्हा

या वाटेने पश्चिमेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. कधी तो डोंगराआड जातो, पुन्हा दिसतो. पण रिबादेओ हे गाव आले की वाट समुद्राकडे पाठ फिरवते आणि आत वळते. उरलेले सुमारे 190 किलोमीटर रानातून, शेतांतून, लहान वाड्यांतून जायचे असते. जिच्या ओढीने कित्येकजण ही वाट निवडतात, ती निळाई शेवटच्या भागात सोबत नसते. सोबत असते ती शिंपल्याची खूण आणि पिवळा बाण. हे पिवळे बाण 1980 च्या दशकात एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी रंगवायला सुरुवात केली. ओ सेब्रेइरो नावाच्या छोट्या डोंगरी गावाचे ते धर्मगुरू होते.

प्रार्थनेतही असा काळ येतो. पूर्वी डोळे भरून यायचे, आता मन कोरडे. वाट चुकली, असे आपल्याला वाटते. चुकलीच असेल असे नाही. कदाचित समुद्र मागे पडला आहे आणि कबर जवळ आली आहे. अशा वेळी भावनेचा शोध घेत बसू नये. पुढचा बाण पाहावा : रविवारची मिस्सा, रात्रीची प्रार्थना, आजचे कर्तव्य.

जे चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी

ही पत्रिका अंथरुणावर पडून वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. सान्तियागोच्या दुसऱ्या एका वाटेवर, म्हणजे फ्रेंच वाटेवर, विल्याफ्रान्का देल बिएर्सो नावाचे गाव आहे. तिथल्या संत याकोबाच्या चर्चला ‘क्षमेचे दार’ आहे. मध्ययुगात जो यात्रेकरू आजारामुळे पुढे जाऊ शकत नसे, त्याला त्या दारापाशीच पूर्ण यात्रेची कृपा मिळत असे. चर्चमातेने त्याला अर्धवट यात्रेकरू मानले नाही. तुमचे अंथरूण हेच तुमचे क्षमेचे दार आहे. तुम्ही मागे राहिलेले नाही.

25 जुलै रविवारी येतो ते वर्ष सान्तियागोत पवित्र वर्ष म्हणून पाळतात. 2027 हे तसे वर्ष आहे. आपल्यातले फार थोडे तिथे जाऊ शकतील. पण आपली थांबलेली जागा आपल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि तिथे जायला विमानाचे तिकीट लागत नाही. या आठवड्यात ती जागा प्रभूपुढे नावानिशी उच्चारू या आणि परत निघण्याचा दिवस ठरवू या. कारण दिवस न ठरवता थांबलेला यात्रेकरू हळूहळू त्या गावचा रहिवासी होऊन जातो.

हे प्रभू येशू, तूच वाट आहेस. आमच्या तुटलेल्या वाटांवर तू आमची वाट पाहत उभा आहेस. जिथे आम्ही थांबलो तिथे परत जाण्याचे धैर्य आम्हांला दे, काठावर आलो की पलीकडे ने आणि संत याकोबाच्या मध्यस्थीने आम्हां सर्वांना एकत्र तुझ्या घरी पोहोचव. आमेन.