कोरं पत्र

संगमाच्या काठी, चांगदेवांच्या देवळाकडे पाठ करून बसा. समोर तापी आणि पूर्णा मिळतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यात कुठलं पाणी कुणाचं, ते इथून कळत नाही. कळायची घाईही नको. उद्या जळगावला सीटी स्कॅनला जायचं असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी खिशातच राहू द्या.

एक श्वास घ्या. सोडा.

इथली जुनी गोष्ट आठवा. चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. नमस्कार लिहावा तर ते वयानं लहान, आशीर्वाद लिहावा तर ज्ञानानं मोठे. मायनाच सुचेना, शेवटी कोरा कागद धाडला. एवढं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाली म्हणतात. उत्तरादाखल आलेल्या 65 ओव्यांचं आपल्याला कौतुक. त्या कोऱ्या कागदाला मात्र आपण हसून मोकळे होतो. मला तो कागद स्कॅनरमध्ये पुन्हा भेटला.

त्या मोठ्या कड्यात एक्स-रे नळीच्या समोर कमानीत हजारो बारीक खाने बसवलेले असतात. स्कॅन सुरू होण्याआधी, किरण बंद असताना, यंत्र एकेका खान्याचं वाचन घेतं. बाहेरून काही येत नसतं, तरी आकडा शून्य येत नाही. खाना स्वतःच किंचित झिरपत असतो. ते झिरपणं टिपून ठेवायचं आणि पुढच्या मोजणीतून वजा करायचं. आधी आपलं किती, ते कळलं तरच समोरच्याचं किती ते कळणार.

डोळे मिटा. आत काय झिरपतंय ते पाहा. भीती असेल तर भीती. हुसकू नका, नुसती नोंद घ्या.

आता किरण आले. शरीरातून पार झालेले तेवढे खान्यावर पडतात, तिथला पदार्थ क्षणभर उजळतो आणि खालचा फोटोडायोड त्या उजेडाची वीज करतो. ती इतकी थोडी की साठवूनच मोजावी लागते. नळ आला की आपण दोन हंडे घेतो: एक धारेखाली, दुसरा रिकामा करायला. अनेक सर्किटांत एकेका खान्यामागे अशाच दोन साठवणी असतात. एक भरते तोवर दुसरीतलं मोजून होतं. धार वाया जात नाही. मोजपट्टी 20 बिटांची असली, तर तिच्यावर साडेदहा लाखांच्या आसपास पायऱ्या. एवढ्या कशाला? अंगाला न लागता हवेतून थेट आलेला किरण आणि दोन्ही खांद्यांची हाडं ओलांडून जेमतेम पोचलेला किरण, दोन्ही एकाच पट्टीवर मोजायचे असतात. त्या जेमतेम पोचलेल्याची कदर करण्यासाठीच हा सारा खटाटोप.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. त्या सुरुवातीच्या यंत्रांत एका छेदाची 28,800 वाचनं घ्यायला काही मिनिटं लागत. आता कड्याचा अख्खा फेरा सेकंदाच्या आत होतो. त्यांच्या नावाच्या मापात हवा उणे 1000 आणि पाणी शून्य.

डोळे उघडा. समोर काठोकाठ शून्य पसरलंय.

उद्या टेबल आत सरकेल आणि आवाज येईल: श्वास घ्या, रोखा. छाती हलली, तर या कोनातलं अंग आणि त्या कोनातलं अंग एकमेकांशी जुळत नाही, म्हणून. आत्ताच करून पाहा. घ्या. रोखा. पाण्यावरून एक पक्षी पलीकडच्या काठाला जातोय, त्याला पोचू द्या.

सोडा.