स्टाफरूममधला माठ आणि प्राध्यापकाच्या सवलती



प्राध्यापक झालेल्या आपल्या माणसाला शिव्या घालणं ही चळवळीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. क्वार्टर मिळालं, गेला. पीएच.डी.ची रजा मिळाली, गेला. फ्रिज घेतला, गेलाच. ‘दलित ब्राह्मण’ हा शब्द आपण एकेकाळी विचार करून वापरायला सुरुवात केली. आता तो विडीसारखा झालाय. कुणीही पेटवावा, दोन झुरके मारावेत आणि टाकून द्यावा.

मीही पेटवलाय. आणि पुढं माझ्याकडं बघूनही लोकांनी पेटवलाय. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय. प्रश्न साधा आहे. विद्यापीठ, कॉलेज आपल्या प्राध्यापकाला जे देतं, म्हणजे घर, लायब्ररी, खोली, रजा, स्टाफरूममधली खुर्ची, ते कुणाचं? त्याचं स्वतःचं? सरकारचं? की ज्यांच्या नावानं तो तिथवर पोचला त्या वस्तीचं?

आधी माठाबद्दल बोलू.

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. विषय राज्यशास्त्रीय अर्थशास्त्र, पगार महिना ४५० रुपये. कोलंबियाची विद्या घेऊन आलेला माणूस. वर्गात पोरं कान टवकारून ऐकायची. आणि स्टाफरूममध्ये? तिथल्या प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी प्यावं याला काही सहकारी प्राध्यापकांनीच हरकत घेतली. ही माणसं अडाणी नव्हती, पदव्या घेतलेली होती. म्हणजे बघा, प्राध्यापकाला मिळणारी पहिली सोय कोणती? पंखा नाही, टेबल नाही. पाणी. आणि तिथंच बोंब.

त्याच्या आधी एक वर्ष, १९१७ मध्ये, बडोदा. सयाजीरावांनी नोकरी दिली, पण राहायला छप्पर कुणी दिलं नाही. पारशाच्या सरायीत पारशी नाव लावून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. तिथं एक सरकारी क्वार्टर असतं तर? हा प्रश्न मला नेहमी छळतो. क्वार्टरला चैन म्हणणाऱ्या आपल्या पोरांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. शहरात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतो, गावावरून कळलं नाही तर ‘मटण खाता का’ विचारतो. अशा शहरात विद्यापीठाचं क्वार्टर ही आपल्या माणसासाठी नोकरीची अट आहे. छप्पर नसलं तर नोकरीही टिकत नाही, हे बडोद्यानं दाखवून दिलंय. तेव्हा ‘क्वार्टरात राहतो म्हणून विकला गेला’ हे वाक्य यापुढं कुणी माझ्यासमोर बोलू नये.

आणि एक. समाजाचं ऋण फेडा, पे बॅक करा, हे आपण फक्त आपल्याच माणसाला का सांगतो? पिढ्यान्‌पिढ्या विद्यापीठ खाल्लेल्या घरांतल्या प्राध्यापकाला कुणी विचारतं का, की बाबा, तुझ्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक झाले, समाजाला काय परत दिलंस? नाही विचारत. त्याचं ते कर्तृत्व, आपली ती सवलत. हा हिशोबच बामणी आहे. जागासुद्धा आपल्याला कुणी ताटात वाढून दिलेली नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं सांगितलं की प्राध्यापकांच्या आरक्षणाचा हिशोब अख्खं विद्यापीठ धरून करू नका, विभाग धरून करा. ५ मार्च २०१८ ला यूजीसीनं तसं पत्रक काढलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. तेरा बिंदूंच्या त्या रोस्टरमध्ये अनुसूचित जातीची जागा सातव्या नंबरला. ज्या विभागात चारच माणसं, तिथं सातवा कधी यायचा? पोरं, प्राध्यापक रस्त्यावर उतरले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला, त्याच वर्षी जुलैत कायदा झाला, तेव्हा हिशोब पुन्हा विद्यापीठावर आला. भांडून मिळवलेल्या खुर्चीला उपकार म्हणायचं नाही.

इथपर्यंत मी प्राध्यापकाचा वकील. आता उलटतपासणी.

माठाचा प्रश्न बाबासाहेबांनी पुढं कसा मांडला? ‘मला पाणी द्या’ असा नाही मांडला. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली, चालवलेली, किंवा सरकारनं नेमलेल्या वा कायद्यानं निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. या ठरावाच्या जोरावर महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, आणि कागदावरचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मुद्दा ध्यानात घ्या. तळं सार्वजनिक आहे, म्हणून ते माझं आहे. माझं एकट्याचं आहे असं नव्हे, तर कुणाच्याच एकट्याचं नाही म्हणून माझं.

आता ठरावातला तो शब्द परत वाचा. कायद्यानं निर्माण झालेली संस्था. विद्यापीठ दुसरं काय असतं? मग विद्यापीठाची लायब्ररी म्हणजे तळंच की. आणि तळ्याचा न्याय त्या लायब्ररीला लागतो, प्राध्यापकाच्या कपाटालाही लागतो.

माझ्या कपाटाची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये काढला. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ त्यातच आहे, मूळ इंग्रजीत. हे खंड संपले की लवकर मिळत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पहिल्या खंडाची एकच प्रत होती. विद्यार्थ्याला एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांसाठी, उशीर झाला तर दंड. प्राध्यापकाला वीस, आणि परत कधी करायची ते विचारायची कुणाची टाप नाही. मी तो खंड घरी आणला. लेख लिहायचा होता. लिहिला. खंड कपाटातच राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. मधल्या काळात मी चौदा एप्रिलला चार गावांत भाषणं केली आणि प्रत्येक भाषणात सांगितलं की बाबासाहेब वाचा.

एमएची एक पोरगी, आपल्यातलीच, खंड मागायला लायब्ररीत गेली. लायब्रेरियन म्हणाला, सरांकडं आहे, त्यांच्याकडून घे. ती आली नाही. तिला भीती वाटली. सरांकडं कसं मागायचं? तिनं मैत्रिणीच्या वहीतल्या टिपणांवर परीक्षा दिली. हे मला तिनंच सांगितलं, कितीतरी वर्षांनी, हसत हसत, माझ्याच सत्काराला आली होती तेव्हा. ‘तुमच्यामुळं बाबासाहेब मी उशिरा वाचले सर.’ लोक हसले. मी पण हसलो, दुसरं काय करणार.

मी त्या पोरीला पाणी पिऊ नको म्हटलं नव्हतं. माझ्या मनातही तसं नव्हतं. पण कुंपण घालायला मनात तसं असावंच लागतं असं नाही. तळ्याच्या काठावर नुसतं जाड अंगानं बसून राहिलं तरी मागचा तहानलेला राहतोच.

आता दुसरी गोष्ट, माझ्या विद्यार्थीपणातली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला आणि आमच्याकडं वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या दिवसांत आम्हाला पत्रकं काढायची होती. छापखानेवाले दार लावून घ्यायचे. कॉलेजात दोन प्राध्यापक आपले. दोघांची नावं सांगत नाही.

पहिले सर म्हणाले, रात्री या. ऑफिसातलं सायक्लोस्टाईल मशीन त्यांनी स्वतः फिरवलं. स्टेन्सिल आम्ही कापलं होतं, वेडंवाकडं. शाई कॉलेजची, कागद कॉलेजचा. पाचशे पत्रकं निघाली. दुसरे सर म्हणाले, मी हे करणार नाही. हा कागद सगळ्या पोरांच्या फीचा आहे, परीक्षेच्या पेपरांचा आहे. आम्ही त्यांना तोंडावर ‘पळपुटे’ म्हटलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून वीस रुपये काढले, म्हणाले कागद विकत आणा. आणि लायब्ररीचं स्वतःचं कार्ड काढून दिलं, म्हणाले, यावर पुस्तकं न्या, वेळेवर आणून द्या. पुढची दोन वर्षं आम्ही पाच-सहा पोरं त्या कार्डावर वाचत होतो.

तेव्हा पहिले सर हिरो आणि दुसरे भित्रे. आज मला एवढं सोपं वाटत नाही. पहिल्या सरांना मेमो मिळाला, पुढं बढती अडकली, त्यांनी किंमत मोजली, म्हणून त्यांना चोर म्हणणाऱ्याचं थोबाड फोडीन. तरी दुसऱ्या सरांचं बोलणं मला आता पटतं. बाबासाहेब सिडनहॅमला असतानाच ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. सरकारी नोकरी म्हणून संपादकाच्या जागी पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव. पैशाला शाहू महाराजांची मदत. कॉलेजच्या दौतीतल्या शाईवर ‘मूकनायक’ निघाला असं कुठं वाचायला मिळत नाही. नोकरीतून त्यांनी घेतलं ते पगाराचा वाचवलेला पैसा. तो गाठीला बांधून १९२० मध्येच राजीनामा दिला आणि लंडनला अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले. जन्मभर त्या खुर्चीत बसायचा त्यांचा विचारच नव्हता.

कुणी म्हणेल, कार्ड दुसऱ्याला देणं हाही नियमभंगच. आहे ना. कार्डावर छापलेलंच असतं, हस्तांतरणीय नाही. मग कागद दिला तर चूक आणि कार्ड दिलं तर बरोबर, हे कसं? मी यावर पुष्कळ डोकं खाजवलंय. माझं उत्तर असं. कागद वापरला की संपतो. दुसऱ्या कुणाच्या तरी पेपराला तो कमी पडतो, आणि तो दुसराही बहुतेक आपल्यासारखाच गरीब असतो. पुस्तक वाचलं की संपत नाही, वेळेवर परत केलं तर कुणाला कमीही पडत नाही. दुसऱ्या सरांनी तळ्यातलं पाणी घागरीत भरून घरी नेलं नाही, काठावरची स्वतःची जागा आम्हाला दिली. पोरं भाजताहेत, घरं जळताहेत अशा वेळी हा हिशोब करत बसावं का, असा सवाल आला तर मात्र माझं तोंड बंद होतं. त्या रात्री पहिले सर नसते तर पत्रक निघालंच नसतं. मी दोघांचाही विद्यार्थी आहे.

खोली, वेळ, सही, ओळख, या सगळ्याला हाच न्याय लावून बघा. प्राध्यापकाची सही शिष्यवृत्तीच्या अर्जावर आज पडली तर पोराची मेस चालू राहते, पंधरा दिवसांनी पडली तर बंद होते. सहीला शाई किती लागते? हैदराबादला रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकली होती, होस्टेलमधून त्याला आणि त्याच्या दोस्तांना बाहेर काढलं होतं, आणि १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्या कॅम्पसवर क्वार्टरं होती, स्टाफरूम होत्या, प्राध्यापक होते. काही आपले प्राध्यापक नंतर पदांचे राजीनामे देऊन पोरांसोबत उभे राहिले, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

रजेबद्दल थोडंच. यूजीसीच्या योजनेत पगारी रजा घेऊन आपल्यातल्या कितीतरी जणांनी पीएच.डी. केली. चांगलं झालं. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून लायब्ररीत उभे आहेत. त्यांच्यावरची धूळ बघून एकदा मोजा, किती उघडले गेले. मिलिंद महाविद्यालयातल्या, पुढं विद्यापीठातल्या मास्तरकीच्या खुर्चीत बसून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं, आपली लिहिणारी एक अख्खी पिढी तिथं उभी राहिली. खुर्ची तीच असते.

आणि आता जो प्रश्न मला खरा वाटतो तो.

आज कॉलेजात दोन जाती झाल्यात. एक कायम, दुसरी तासिका तत्त्वावरची. सीएचबीवाला. नेट झालेला, सेट झालेला, बऱ्याचदा पीएच.डी. सुद्धा, तासावर पैसे घेणारा. सुट्टीत पैसे नाहीत, रजा नाही, क्वार्टर तर स्वप्नातही नाही. शिकवतो तोच अभ्यासक्रम, तपासतो तेच पेपर. यांत आपली पोरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यातलेच कितीतरी जण उद्या तिथं उभे राहणार आहेत. आणि त्यांच्यासमोर कायम असलेला प्राध्यापक पुष्कळदा आपलाच असतो. सहा डिसेंबरला पांढरे कपडे घालतो, चैत्यभूमीला जातो, परत येतो आणि सीएचबीवाल्या पोराकडून परीक्षेच्या ड्युट्या स्वतःच्या नावावर करून घेतो. त्याचा लेख वाचतो आणि खाली स्वतःचं नाव आधी टाकतो.

मागच्या पावसाळ्यात एका कॉलेजात व्याख्यानाला गेलो होतो. स्टाफरूममध्ये बसवलं, चहा आला. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, सिडनहॅमचा नाही, कोटातला नेहमीचा. कोपऱ्यात थंड पाण्याचं मशीन. दाराबाहेर व्हरांड्यात एक तरुण उभा, हातात हजेरीपट, डबा पिशवीत. मी विचारलं, हे कोण? विभागप्रमुख म्हणाले, आपलाच पोरगा आहे सर, सीएचबीवर आहे. मी म्हटलं, मग आत का नाही? ते म्हणाले, आत खुर्च्या मोजक्या आहेत ना सर. मी माझी खुर्ची सरकवली आणि त्याला हाक मारली. तो आला, पण बसला नाही. मशीनपाशी गेला, ग्लास घेतला, माझ्याकडं आणि प्रमुखांकडं एकदा बघितलं, आणि मग पाणी प्याला.