स्वस्ताईचे ऋण

परदेशी चलनात मिळकत असणारा मनुष्य ब्राझीलमधील एखाद्या लहानशा शेतकी शहरात बिऱ्हाड करतो आणि 'येथे जगणे फार स्वस्त' असे मायदेशी कळवितो. हे विधान कितपत खरे मानावे? घरबसल्या परदेशचे काम करणाऱ्या परकीयांसाठी ब्राझील सरकारने 2022 साली जो परवाना सुरू केला, त्यास दरमहा 1500 डॉलरांची मिळकत पुरेशी ठरते. 2025 साली तेथील किमान मासिक वेतन 1518 रेआल होते. म्हणजे पाहुण्याची ही मिळकत मजुराच्या किमान वेतनाच्या पाचपटींहून अधिक झाली. तेव्हा स्वस्त आहे ती भाजी नव्हे. ती खुडणारा हात स्वस्त आहे.

मग तेथे जाऊन राहणे हा अधर्म समजावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. साओ पाउलो राज्यातील ओलाम्ब्रा 1948 साली डच कुटुंबांनी वसविले. त्यांनी आणलेली गुरे रोगाने दगावली, तरी ती माणसे जमीन कसत राहिली. आज ते शहर फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. तीही परकीच होती. परंतु त्या भूमीच्या सुखदुःखाची ती वाटेकरी झाली.

ब्राझीलच्या 1988 च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क मानला आहे. सरकारी दवाखान्याचे दार परकीयासही उघडे असते. असे आतिथ्य भोगणाऱ्याने गावाची भाषा शिकावी, कर भरावा, राबणाऱ्यास बाजारभावाने नव्हे तर न्यायाने मोबदला द्यावा. जे परवडले ते फिटले, असे आम्ही मानीत नाही.